कडाक्याच्या थंडीत बर्फ पक्का होतो का?

साताऱ्यातल्या चौघा मित्रांनी एक प्रश्न पाठवलाय, तो आधी थोडक्यात सांगतो. चौघेही दरवर्षी यवतेश्वर घाटातली हिल मॅरेथॉन पळणारे, वासोट्यापासून हरिश्चंद्रगडापर्यंत भरपूर भटकलेले. मागच्या दोन हिवाळ्यांत त्यांनी गुलमर्गला स्कीइंगचे दोन कोर्स केले. आता जानेवारीच्या शेवटी पुन्हा चाललेत. या खेपेला तयार उतारावर न थांबता स्कीला स्किन्स, म्हणजे चढताना मागं घसरू न देणाऱ्या पट्ट्या, लावून स्वतः चढायचं आणि कोऱ्या बर्फातून खाली यायचं, असा बेत आहे. ते लिहितात, "डिसेंबरात बर्फ कमीच पडला. त्यानंतर तीन आठवडे आभाळ स्वच्छ आहे आणि वरच्या भागात रात्री उणे १५ पर्यंत तापमान जातंय. आम्ही पोहोचू त्या सुमाराला पश्चिमी विक्षोभ येऊन चांगला बर्फ पडेल असं म्हणतायत. इतक्या थंडीत जुना बर्फ दगडासारखा झाला असणार आणि त्यावर नवा मऊ बर्फ येणार. याहून चांगला योग कुठला? तरी हिमस्खलनाचा धोका कसा ओळखायचा ते सांगा."

हा योग चांगला नाही. आधी थोडका बर्फ, मग लांबलेली कोरडी थंडी आणि त्यावर एकदम मोठी बर्फवृष्टी, या क्रमाची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. सैन्यातली २१ वर्षं धरून आणि निवृत्तीनंतर स्की करणाऱ्यांच्या लहान तुकड्या घेऊन काश्मीर-हिमाचलात जातोय ती ९ वर्षं धरून सांगतो. तुमच्या प्रश्नातला "थंडीनं बर्फ दगडासारखा होतो" हा समज मी स्वतःही बरीच वर्षं बाळगून होतो, म्हणून उत्तर तिथूनच सुरू करतो.

हिमस्खलन म्हटलं की बर्फाचा गोळा गडगडत मोठा होत येतो, असं चित्र आपल्या डोळ्यांपुढं येतं. माणसं मारणारं हिमस्खलन बहुतेक वेळा तसं नसतं. त्यात बर्फाची एक सबंध लादी सुटते. लादी म्हणजे एकमेकांना धरून असलेला वरचा थर. तिच्याखाली कुठंतरी एक कच्चा थर असतो. तो कच्चा थर एका जागी मोडला की ती मोड लादीखालून काही सेकंदांत लांबवर पळते, आणि मग पन्नास-शंभर मीटर रुंदीची लादी एकाच वेळी घसरायला लागते. तुम्ही तिच्या काठावर नसता, मध्यावर उभे असता. तिच्यावरून उडी मारून बाजूला होता येत नाही.

जुलै २०२१ ला आपल्या पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावला डोंगर खाली आले, ते दुःख आपल्या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. वरचं वजन, खाली सुटलेली पकड आणि उतार, हे तिथलं गणित बर्फालाही लागू होतं. फरक वेळेचा आहे. मातीची पकड सुटायला मुसळधार पाऊस आणि कित्येक वर्षांची झीज लागते. बर्फात तो कच्चा थर आठ-पंधरा रात्रींत तयार होतो, आणि तो तयार करायचं काम नेमकी थंडीच करते.

कसं ते नीट समजून घ्या, कारण हे समजलं की पुढचं निम्मं आपोआप कळतं. बर्फाखालची जमीन जवळजवळ शून्य अंशावर राहते, कारण वरचा बर्फ तिला गोधडीसारखा झाकून ठेवतो. वरचा पृष्ठभाग मात्र निरभ्र रात्री हवेपेक्षाही जास्त गार पडतो. समजा बर्फ २५० सेंटिमीटर जाड आहे आणि वर उणे १५. म्हणजे १५ अंशांचा फरक अडीच मीटरवर पसरला, दर १० सेंटिमीटरला साधारण ०.६ अंश. अशा बर्फात दाणे हळूहळू गोल होतात, एकमेकांना चिकटतात, थर बसत जातो. आता तीच उणे १५ ची रात्र ६० सेंटिमीटर बर्फावर आणा. दर १० सेंटिमीटरला अडीच अंश फरक झाला. दर १० सेंटिमीटरला १ अंश ही ढोबळ रेघ आहे. त्यापलीकडं गेलं की खालच्या उबदार बर्फातून वाफ वर चढत राहते, दाण्यांमधले सांधे सुटतात आणि दाणे टोकदार, कोरडे, सुटे होतात.

तो बर्फ ओंजळीत घेतला तर साखरेसारखा बोटांतून निसटतो. त्याचा गोळा वळत नाही. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा, त्यामुळं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. फरशीवर जाड साखर पसरा, तिच्यावर एक फळी ठेवा आणि फरशीची एक बाजू उचला. फळी कितीही मजबूत असली तरी फरक पडत नाही. उलट फळी जितकी सलग, तितकी ती एकसंध घसरते. तुमचे तीन आठवडे निरभ्र थंडीचे आणि कमी बर्फाचे गेले, याचा अर्थ खाली साखर तयार झाली असं धरूनच चाला. येणारी बर्फवृष्टी त्यावर फळी ठेवणार आहे.

दुसरा कच्चा थर पृष्ठभागावर तयार होतो. डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या परिसरात दवबिंदू गोठून हिमकण झाल्याच्या बातम्या येतात, फोटो काढायला गर्दी होते. तसंच दंव बर्फावर जमतं, फक्त मोठं असतं, पिसांसारखं, कधी बोटाच्या पेराएवढं. सकाळच्या उन्हात ते इतकं सुंदर चमकतं की सगळे थांबून फोटो काढतात. मीही थांबतो, पण वहीत तारीख, उंची आणि उताराची दिशा लिहायला. कारण त्यावर शांतपणे नवा बर्फ पडला की ती उभी पिसं तशीच गाडली जातात आणि पुढं कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे, खाली टिकून राहतात.

थंडीचा तिसरा परिणाम असा की ती हे कच्चे थर बरे होऊ देत नाही. नव्या बर्फाचा साधा अस्थिरपणा हवामान सौम्य असेल तर दोन-तीन दिवसांत बराच कमी होतो. कडक थंडीत तेच काम रेंगाळतं. साखरेच्या थराचं तर विचारू नका, तो महिनाभरही तसाच राहू शकतो. "बर्फ पडून चार दिवस झाले, आता बसला असेल" हा हिशेब म्हणून गोठवणाऱ्या हवेत चालत नाही, विशेषतः ऊन न लागणाऱ्या उत्तरेकडच्या अंगाला. आणि चांगला मऊ कोरडा बर्फ टिकतो तोही तिथंच. स्की करणाऱ्याला जिथं जावंसं वाटतं आणि कच्चा थर जिथं जास्त टिकतो, त्या जागा बहुतेक एकच असतात.

आता वारा. ठोसेघरच्या वर चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांपाशी उभं राहिलात तर सड्यावरचा पालापाचोळा वारा कसा कड्यापलीकडं नेऊन टाकतो ते बघितलं असेल. बर्फाचंही तसंच होतं. धारेच्या वाऱ्याकडच्या बाजूचा बर्फ उचलला जातो आणि आडोशाच्या बाजूला रचला जातो, आणि हे काम आभाळातून पडणाऱ्या बर्फाच्या कित्येक पट वेगानं होतं. म्हणजे हॉटेलच्या अंगणात ३० सेंटिमीटर बर्फ मोजलात, तरी वर धारेखालच्या वाटीत मीटरभर चढलेला असू शकतो. कोरडा गार बर्फ हलका असतो, त्यामुळं आभाळ स्वच्छ असतानाही वारा हे करतो. धारेवरून धुरासारखा बर्फ उडताना दिसला की त्या दिवशी पलीकडच्या आडोशाला जायचं नाही. वाऱ्यानं रचलेली लादी पायाखाली घट्ट लागते, ढोलासारखा पोकळ आवाज देते. घट्ट लागली म्हणून माणूस निर्धास्त होतो.

इतकं सांगितल्यावर तुम्ही म्हणाल, मग बर्फ तपासायला शिकवा. शिकवतो, पण त्याआधी उतार मोजायला शिका. बर्फाबद्दल माझा अंदाज आजही चुकतो. उताराचा कोन चुकत नाही, तो मोजता येतो. लादी सुटणारी बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात आणि त्यातही ३८ च्या आसपास सर्वांत जास्त. ३० च्या खाली ती झपाट्यानं कमी होतात, २५ च्या खाली क्वचितच. ५० च्या वर बर्फ फारसा साचतच नाही, सतत थोडा थोडा ओघळत राहतो. आणि नेमका ३० ते ४० हाच स्की करायला सर्वांत मजेचा कोन. डोळ्यांनी तो ओळखता येत नाही. खालून बघितलं की उतार कमी वाटतो, वरून बघितलं की जास्त, आणि दमलेल्या माणसाला काहीही वाटतं.

मोबाईलवर कोन मोजायची सोय असते, पण थंडीत बॅटरी बसते, म्हणून काठ्यांची युक्ती शिका. १२० सेंटिमीटरच्या दोन सारख्या स्की-काठ्या घ्या. एकीवर खालच्या टोकापासून ७० सेंटिमीटरवर रंगीत चिकटपट्टी लावा. ती काठी उतारावर सरळ उभी धरा. दुसरी काठी तिला टेकवून चढाच्या दिशेनं आडवी धरा, अगदी सपाट, आणि तिचं टोक उताराला लागेपर्यंत वरखाली सरकवा. आडवी काठी पट्टीपाशी आली तर उतार ३० अंशांचा. पट्टीच्या खाली, उभ्या काठीच्या मध्यावर आली तर साधारण २७. पट्टीच्या वर गेली तर परत फिरायचं. निघायला अजून दिवस आहेत. अजिंक्यताऱ्याच्या उतारावर चाळीस-पन्नास ठिकाणी आधी अंदाज सांगा, मग मोजा. पहिल्या दिवशी चौघांचे चार वेगवेगळे आकडे येतील. ते एकमेकांजवळ यायला लागले की डोळा तयार होतोय असं समजा.

फक्त पायाखालचा उतार मोजून भागत नाही. तुम्ही २० अंशांच्या निवांत माळावर असाल आणि त्याच्या डोक्यावर ३८ अंशांचा उतार टेकलेला असेल, तर तुम्ही त्या उताराच्या मार्गात उभे आहात. साखरेच्या थराची मोड सपाटीवरून वर पळत जाते आणि वरची लादी खाली बोलावते. खालून ओढल्यावर वरची चादर यावी तसं. नकाशावरही सावध राहा, दहा-पंधरा मीटर उंचीचा छोटा फुगवटा त्यात दिसत नाही आणि लादी तुटायला तेवढा पुरतो. उतार जिथं पोट पुढं काढल्यासारखा फुगतो, तिथं लादी ताणलेली असते.

मग खाली काय आहे ते बघा. सह्याद्रीत आपण घळीतून, नाळेतून चढतो, ती आपली नेहमीची वाट. बर्फात घळ हा सापळा आहे. मोकळ्या मैदानावर पसरून अर्धा मीटर झाला असता तो बर्फ घळीत तीन-चार मीटर साचतो. लहानसं हिमस्खलनही तिथं माणसाला पूर्ण गाडतं. खाली कडा असेल, झाडं असतील, खडक असतील, तर गाडलं जाण्याआधीच मार बसतो. हिमस्खलनात गेलेल्यांपैकी बरेच जण गुदमरून नव्हे, आपटून जातात.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. सात वर्षांपूर्वी, गुलमर्ग ज्या डोंगररांगेत आहे त्या पीर पंजालमध्येच पाच जणांना घेऊन गेलो होतो. तुमच्यासारखाच हिवाळा, आधी कोरडा, मग दोन दिवस बर्फ, मग स्वच्छ सकाळ, उणे १६. मी शिस्तीत खड्डा खणला, दोन मीटर बर्फ होता, थर बघितले, ठोकून चाचणी केली, काही तुटलं नाही. समाधान झालं. उतार मोजला, ३४ निघाला. तो आकडा बघूनच मागं फिरायला हवं होतं, पण खड्ड्यानं दिलेला दिलासा ताजा होता. एकेक करून सोडलं. पहिला उतरला. दुसरा जरा उजवीकडं, डोकं वर काढलेल्या खडकांच्या जवळून गेला. तिथं बर्फ दोन मीटर नव्हता, जेमतेम गुडघ्याच्या वर होता. पातळ बर्फ, म्हणजे तिथंच सगळ्यात जास्त साखर, आणि माणसाचं वजन थेट तिच्यापर्यंत पोचणारं. धप्प असा आवाज माझ्या पायांना जाणवला, आणि साठेक मीटरची रेघ पांढऱ्यावर उमटली. तो छातीपर्यंत गाडला गेला, डोकं बाहेर राहिलं. मांडीचं हाड मोडलं होतं. पहिला सुरक्षित जागी थांबलेला होता म्हणून लगेच पोचला. जिवंत माणसाला रस्त्यापर्यंत न्यायला आम्हाला सात तास लागले, आणि त्या सात तासांत थंडीनं त्याचे पाय जातात की काय हीच भीती होती. पाय वाचले. तो आता पुन्हा चालतो, स्की करत नाही.

खड्डा खोटं बोलला नव्हता. त्यानं त्याच्या जागेपुरतं खरं सांगितलं होतं, मी ते अख्ख्या उताराला लावलं. तेव्हापासून माझा नियम एकच आहे. चाचणीत बर्फ तुटला तर मी जात नाही, आणि तुटला नाही तर त्यावरून जायचं ठरवत नाही. चाचणीला नकाराचा अधिकार आहे, होकाराचा नाही.

तरीही खणा, कारण खणल्याशिवाय बर्फ डोळ्यांना दिसत नाही. भिंत साफ करा आणि वरून खाली हात दाबत या. मूठ आत जाते की चार बोटं, की एक बोट, की पेन्सिल, की चाकूच लागतो, अशी कठीणपणाची उतरंड मिळते. कठीण थराखाली मूठ सहज जाणारा थर सापडला की तो आपला संशयित. मग ३० सेंटिमीटर चौरस खांब मोकळा करून त्यावर फावडं ठेवायचं आणि मनगटातून १०, कोपरातून १०, खांद्यातून १० असे हात मारायचे. कितव्या ठोक्याला तुटलं यापेक्षा कसं तुटलं ते जास्त बघा. खण काढल्यासारखा वरचा भाग अख्खा पुढं सरकला तर खालची पकड वाईट. ९० सेंटिमीटर रुंद खांबाची चाचणी याहून उपयोगी, कारण एका टोकाला ठोकल्यावर मोड दुसऱ्या टोकापर्यंत पळते का हे तीत दिसतं. हे हाताला शिकावं लागतं, वाचून येत नाही. गुलमर्गला हिवाळ्यात हिमस्खलन-सुरक्षेचे दोन-तीन दिवसांचे वर्ग भरतात. तुमचे पहिले तीन दिवस तिथं घाला. स्कीइंगच्या कोर्सनं तुम्हाला वळायला शिकवलंय, उतार वाचायला नाही.

खणण्याआधीच बर्फ बऱ्याच गोष्टी स्वतः सांगतो. समोरच्या, त्याच दिशेच्या उतारावर ताजं हिमस्खलन दिसलं तर विचार तिथंच संपला. चालताना धप्प आवाज येऊन बर्फ किंचित बसला, किंवा स्कीच्या टोकापासून तडा सळसळत पुढं गेला, तर तो कच्चा थर तुमच्या पायाखाली मोडला आहे. सपाटीवर असाल तर नशीब, त्याच वाटेनं परत. एका दिवसात ३० सेंटिमीटर किंवा जास्त बर्फ, जोराचा वारा, किंवा गारठ्यातून एकदम आलेली ऊब, यांतलं काहीही असेल तर ३० अंशांच्या वर बघायचंसुद्धा नाही. तुमच्याकडं आत्ताच, घरबसल्या, खालच्या साखरेची शंका पक्की आहे. वर वरच्या वजनाची भर पडायची तेवढी बाकी आहे.

संरक्षण संशोधन खात्याची डीजीआरई ही संस्था हिवाळ्यात हिमस्खलनाचे इशारे देते. तिचं मूळ १९६९ साली मनालीत सुरू झालेल्या सासे या संस्थेत आहे. इशारा जिल्ह्याचा असतो, अमुक उंचीच्या वर अमुक धोका, असा. गुलमर्गसाठी बारामुल्ला जिल्हा बघा, रोज बघा, आणि शब्दांचं वजन समजून घ्या. "मध्यम" वाचून हायसं वाटून घेऊ नका. अतिधोक्याच्या दिवशी माणसं खोलीत बसतात, मधल्या पायऱ्यांच्या दिवशी बाहेर पडतात, म्हणून बळीही त्याच दिवशी जास्त जातात. शिवाय जिल्ह्याच्या इशाऱ्यात तुमची एक घळ कुणी बघितलेली नसते. गोंडोलाच्या, म्हणजे गुलमर्गच्या रोपवेच्या, वरच्या टप्प्याजवळचा ठरलेला भाग तिथलं गस्तीपथक तपासतं, गरज पडली तर स्फोट करून लाद्या पाडतं. त्या हद्दीची दोरी ओलांडली की पुढं ते काम कुणी केलेलं नाही. दोरीच्या अलीकडचा आणि पलीकडचा बर्फ दिसायला सारखाच असतो.

गुलमर्गच्या वरच्या या अफरवट डोंगराचा इतिहासही माहीत असू द्या. ८ फेब्रुवारी २०१० ला खिलनमर्गला सैन्याच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलच्या प्रशिक्षणातल्या जवानांवर हिमस्खलन आलं, १७ जण गेले. १ फेब्रुवारी २०२३ ला हापतखुडला पोलंडचे दोन स्कीपटू गेले. २२ फेब्रुवारी २०२४ ला पुन्हा खिलनमर्गच्या बाजूला एक रशियन स्कीपटू गेला. त्या वर्षी जानेवारी जवळजवळ कोरडा होता आणि बर्फ उशिरा, फेब्रुवारीत आला होता.

आता तुमच्याबद्दल, कारण स्की करणारे ज्यात मरतात त्या हिमस्खलनांपैकी दहातली नऊ त्या माणसानं किंवा त्याच्याच सोबत्यानं सोडलेली असतात. बर्फ आपल्याला शोधत येत नाही, आपण त्याच्यावर जाऊन उभे राहतो. सह्याद्रीनं आपल्याला काही सवयी लावल्यात. वाट मळलेली असली की ती बरोबर. आदल्या रविवारी कुणी जाऊन आलं म्हणजे जाता येतं. दम आहे म्हणजे जमेल. बर्फात दुसऱ्याच्या स्कीच्या खुणा हा पुरावा नाही. पहिले दहा जण कच्च्या जागेला चुकवून गेलेले असतात, अकरावा तिच्यावर नेमका येतो. तुमचा दम मला ठाऊक आहे, यवतेश्वरचा घाट पळत चढणं सोपं नाही. पण लादीला तुमच्या दमाशी काही घेणंदेणं नाही. दम असलेला माणूस उलट लवकर वर पोचतो, म्हणजे चुकीच्या जागी लवकर पोचतो.

आणि पुण्याहून श्रीनगरचं विमान, हॉटेल, भाड्याचं सामान, ऑफिसातून कशीबशी मिळवलेली रजा. "आलोय तर करूनच जाऊ" हे वाक्य मी ज्या दिवशी ऐकतो त्या दिवशी जास्त सावध होतो. चौघांत एक गोष्ट इथंच, घरी बसून ठरवा. कुणाही एकाला नको वाटलं की नको. कारण विचारायचं नाही, चेष्टा नाही, संध्याकाळी जेवताना टोमणे नाहीत. गटातल्या सर्वांत नवख्या माणसाला आधी बोलू द्या. जाणता आधी बोलला की नवखा गप्प बसतो, हे मी स्वतः जाणता असताना पाहिलंय.

सामान थोडक्यात. चौघांकडंही, प्रत्येकाच्या अंगावर, ४५७ किलोहर्ट्झचा ट्रान्सीव्हर, म्हणजे गाडलेल्याचा ठावठिकाणा लावणारं संदेशयंत्र, पाठीवर किमान २४० सेंटिमीटरची प्रोब, म्हणजे बर्फात खुपसून माणूस शोधायची काठी, आणि धातूचं फावडं. प्लास्टिकचं नको, सुटलेला बर्फ थांबल्यावर सिमेंटसारखा घट्ट बसतो. मोबाईल ट्रान्सीव्हरपासून लांब, शोधताना तर बंदच. हिमस्खलनात फुगवायच्या हवेच्या पिशवीची सॅक असेल तर चांगलं, पण त्या पैशांत आधी वर्ग करा.

हे सामान कशासाठी ते नीट ऐका. पूर्ण गाडलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर दहातले नऊ वाचतात. अर्ध्या तासानंतर काढला तर तीनांतला एक. २०१६ च्या फेब्रुवारीत सियाचीनच्या सोनम चौकीवर हिमस्खलन झालं, तेव्हा लान्स नाईक हणमंतप्पा कोप्पद सहा दिवसांनी जिवंत सापडले होते. ती गोष्ट लोक मला नेहमी सांगतात. ते ज्या निवाऱ्यात होते त्यात हवेची पोकळी राहिली होती, आणि दोन दिवसांनी तेही गेले. त्या दहा जणांत आपल्या माण तालुक्यातल्या मस्करवाडीचाही जवान होता. उघड्या उतारावर गाडलेल्याला अशी पोकळी नसते. खालून मदत येईपर्यंत वेळ संपलेली असते. वाचवणारे तुम्ही तिघेच.

म्हणून सराव इथंच करा. उसाची तोड चालू आहे, कुणाच्या तरी शेतात पाचटाचा ढीग मिळेल. ट्रान्सीव्हर चालू करून डब्यात घाला, डबा एकानं ढिगात लपवा, बाकीच्यांनी पन्नास मीटरवरून सुरुवात करायची. घड्याळ लावा. शोध, प्रोब, खणणं, सगळं धरून दहा मिनिटांच्या आत येईपर्यंत थांबू नका. खणताना थेट डोक्यावर खड्डा घेऊ नका, उताराच्या खालच्या बाजूनं आडवं आत शिरा. एकजण पुढं, बाकीचे मागं माल ओढणारे, दर मिनिटाला जागा बदल. मीटरभर खोल माणसासाठी टनभर बर्फ हलवायचा असतो, बर्फवृष्टीनंतर, उंचीवर, घाबरलेल्या अवस्थेत.

आता तुमच्या आठवड्याचं माझं मत. बर्फ पडताना आणि थांबल्यावर निदान दोन दिवस फक्त गस्तीच्या हद्दीत स्की करा आणि वर्गात बसा. त्यानंतर हद्दीबाहेर जायचं तर स्थानिक गाइड घेऊन, आणि २५ अंशांच्या आतल्या, वर काहीही न टेकलेल्या उतारांवर. झाडीतले सौम्य उतार शोधा, बाबा रेशीच्या बाजूला जंगलातून उतरणाऱ्या वाटा आहेत, पण तिथंही प्रत्येक मोकळ्या पट्ट्याचा आणि घळीचा कोन मोजूनच. चढताना धोक्याखालून जावंच लागलं तर एकेक जण, बाकीचे सुरक्षित जागी उभे, नजर त्याच्यावर. काठ्यांचे पट्टे मनगटातून काढलेले. दुपारी दोनच्या आत खाली. ३० च्या वरचा उतार या खेपेला नाही. बर्फ कितीही चांगला दिसला, शेजारून दुसरा गट ओरडत खाली गेला, तरी नाही. खाली साखर असलेल्या हिवाळ्यात मी स्वतः माझ्या तुकड्यांना तिथं नेत नाही.

तुमच्यापैकी एकानं विचारलं होतं की इतक्या हळू उतारावर मजा येते का. गुडघाभर कोरडा बर्फ, २५ अंश, झाडांमधून येणारं ऊन आणि स्कीचा आवाजच नाही. अशा उतारावर मी सकाळपासून तीन वेळा चढून उतरलेलो आहे. रविवारी सकाळी सात वाजता काठ्या आणि चिकटपट्टी घेऊन अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी या, कोन मोजायला मी येतो. पाचटाच्या ढिगाचं शेत मी बघून ठेवतो.